आत्याची काकडशिंगी

आमच्या घरात सकाळ उजाडायची ती खलबत्त्याच्या आवाजाने. जामखेडला अण्णांचं, माझ्या वडिलांचं दुकान होतं, पुढे किराणा आणि मागच्या अर्ध्या भागात काष्ठौषधी. हिरडा, बेहडा, सुंठ, वेखंड यांची पोती भिंतीला लावलेली असत आणि त्या सगळ्यांचा मिळून एक उग्र, तिखट वास आमच्या कपड्यांना, केसांना, इतकंच काय भाकरीलाही यायचा. शाळेत मुली मला नाकाला पदर लावून दाखवायच्या आणि मी त्यांना जीभ काढून दाखवायची. दुकानाला लागूनच घर, घरामागे परसू, परसात एक कडुलिंब आणि धुण्याचा दगड. आम्ही लिंगायत वाणी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी काढायचं नाही. एकदा शेजारच्या मांजरीने उंदराचं मुंडकं उंबऱ्यावर आणून टाकलं, तर आत्याने अख्खं घर दोनदा सारवून घेतलं होतं आणि मांजरीच्या मालकिणीशी दिवाळीपर्यंत बोलली नव्हती.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तेव्हापासून आमच्याकडेच असायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे तिला माणसं सावल्यांसारखी दिसायची, पण बोटांना मात्र डोळे होते. अंधारात हात घालून कुठलीही मुळी काढायची आणि नाव सांगायची. तालुक्यातली निम्मी पोरं तिच्या बाळगुटीवर वाढली असं ती म्हणायची आणि ते फारसं खोटं नव्हतं. ज्यांनी बाळगुटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब टाकायचे आणि हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, खारीक असं एकेक घेऊन उगाळायचं. कशाचा एक वेढा, कशाचे दोन, कशाचे पाच, हे पोराच्या पोटाकडे बघून ठरवायचं आणि ते चाटण बोटाने बाळाला चाटवायचं. उगाळून झाले की ते तुकडे पुसून, ताटात मांडून उन्हात वाळवायचे, नाहीतर बुरशी येते. आणि आत्याचा सगळ्यात कडक नियम असा की बाळगुटीला एकच हात लागला पाहिजे. ताटावर ती मलमलचं फडकं टाकून ठेवायची आणि कुणी ते नुसतं वर केलं तरी मनगटावर फटका बसायचा.

त्या उन्हाळ्यात घरात दोन पाहुणे होते. एक म्हणजे आक्काचं बाळ. आक्का, माझी थोरली बहीण, पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती आणि तिला महिन्यापूर्वी मुलगा झाला होता. पोर सारखं रडायचं आणि खोकायचं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, ओव्या-शेपाची धुरी आणि काळोख. आई अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू करून करून थकली होती. महायुद्धाच्या लढाईमुळे साखर मिळत नव्हती, सगळं गुळात चाललेलं. मी लाडू चोरायची आणि आक्का पाहून न पाहिल्यासारखं करायची.

दुसरा पाहुणा म्हणजे मल्लूदादा. माझा भाऊ. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजात गेलेला पहिला माणूस, आणि थेट जबलपूरला गेला तो काय शिकायला, तर दगड. भूगर्भशास्त्र हा शब्द अण्णांना कधी नीट म्हणता आला नाही. गिऱ्हाइकांना ते सांगत, "पोरगं धोंड्याचं शिकतंय." दादा सुट्टीला आला तो एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत कापूस आणि कापसात चार वस्तू होत्या. तीन गोल, मधे चिमटलेल्या, आणि एक वाकडी, टोकदार, अंगठ्याच्या दोन पेरांएवढी. रंग जुन्या सुपारीसारखा. दादाने घरात सगळ्यांना सांगितलं, कॉलेजातले दगड आहेत, साफ करायचे आहेत. मला मात्र त्याने लिंबाखाली नेऊन खरं सांगितलं. ते दगड होते खरे, पण पूर्वी हाडं होती. तिथल्याच, जबलपूरच्या एका टेकडीतून निघालेली. कधीकाळी तिथं हिंडणाऱ्या, मांस खाऊन जगणाऱ्या जनावराची. दादाने डायनोसॉर हा शब्द उच्चारला तो मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

मी तिथल्या तिथं उठले आणि राखेने तीनदा हात धुतले. दादा पोट धरून हसला. म्हणाला, "अगं वेडे, हाडातलं हाड कधीच निघून गेलं. त्याच्या जागी कणाकणाने दगड भरला. आता सांग, हे हाड का दगड?" मला सांगता आलं नाही. आज सत्तरी ओलांडल्यावरही सांगता येत नाही. मी म्हटलं, "मग आत्याला सांग की असंच." तर त्याचा चेहरा एकदम उतरला. "आत्याला नाही. शपथ घे." मी गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली आणि त्या शपथेने पुढे काय काय करून ठेवलं ते कळायला मला निम्मं आयुष्य लागलं.

त्याचे सर म्हातारे होते, त्यांचे हात थरथरत. म्हणून नाजूक सफाईचं काम त्यांनी दादाला दिलं होतं, कारण दादाचा हात सोनारासारखा होता. सुई, मऊ कुंचला आणि पाण्याचा थेंब घेऊन तो तासन्‌तास त्या वाकड्या तुकड्यावरची चिकट माती काढत बसायचा. ती त्या जनावराच्या पायाची नखी होती, बाकीचे तीन गोल तुकडे म्हणजे मणके. मी शेजारी बसून पंख्याने माशा वारायची आणि तो सांगायचा. मांसाहारी डायनोसॉरांचे तेव्हा ढोबळ दोन गट करत, एक थोराड आणि दुसरा लहानखुरा, हलक्या पोकळ हाडांचा. ही हाडं लहान आहेत, पण त्यावरून काय ठरवणार? थोराड जातीचं पिल्लूही लहानच असतं. सर म्हणत होते हे पिल्लूच. "कोंबडीचं पिल्लू आणि चिमणी, दोघांची हाडं एवढीशीच. वेगळी कशी ओळखायची, गिरजे?" मी म्हटलं, "चिवचिवाटावरून." तो म्हणाला, "तो तर कुणी ठेवला नाही."

आणि एका दुपारी ते घडलं. नखीच्या बुडाशी, खालच्या अंगाला, मातीचा एक घट्ट गोळा बसला होता. दादाने तो सुईने निम्मा-निम्मा करत काढला आणि त्याखाली एक खळगा निघाला. गोल, स्वच्छ, कडा धारदार. दादाने माझा हात ओढला. माझ्या करंगळीचं टोक त्यात नेमकं बसलं. तो म्हणाला, असा खळगा थोराड जातीच्या नखीला नसतो, त्याने सरांकडची सगळी चित्रं डोळ्यांखालून घातली होती. म्हणजे हे पिल्लू नव्हे. ही वेगळीच, छोटी, पूर्ण वाढलेली जात. "सरांनासुद्धा हे ठाऊक नाही," तो कुजबुजला. "जगात फक्त तुला आणि मला ठाऊक आहे." सर एका मुलाला मदतनीस म्हणून टेकड्यांवर नेणार होते आणि दादाला ती जागा हवी होती, इतकी हवी होती की झोपेत बडबडायचा. हा खळगा दाखवला की काम झालंच. पत्राने नाही कळवायचं, समोर जाऊन सरांच्या हातात द्यायचं, असं त्याने ठरवलं. वरून आणि बाजूने अशी दोन चित्रं काढून झाली होती. खालच्या अंगाचं उद्या काढू म्हणाला, आणि नखी धुऊन, बशीत ठेवून, परसातल्या कट्ट्यावर वाळत ठेवली.

कट्ट्यावर ऊन सरकलं तशी मी ती बशी सरकवली. आत्याच्या ताटाशेजारी. इतकंच मी केलं. तिन्हीसांजेला वावटळ उठली, धूळ, पाचोळा, दोरीवरची लुगडी उडाली, सगळी धावपळ झाली, आत्या चाचपडत आपले तुकडे गोळा करत होती. वावटळ बसली तेव्हा दादाची बशी खाली फुटून पडली होती आणि नखी नव्हती.

पुढचे दहा-अकरा दिवस मी अजून विसरलेले नाही. दादाने परसू चाळणीने चाळलं. लिंबावर चढून कावळ्यांची दोन घरटी विस्कटली आणि डोक्यावर चोची खाल्ल्या. न्हाणीच्या मोरीतलं पाणी उपसलं. त्याचं जेवण तुटलं. हुलग्याचं माडगं समोर निवून जायचं आणि तो भिंतीकडे बघत बसायचा. आई म्हणायची, "एका धोंड्यापायी पोरगं झुरतंय, दुसरा धोंडा दे गं त्याला." आत्यालाही कळलं होतं की मल्लूचा एक दगड हरवला. तिने बिचारीने नवस बोलून ठेवला. पण तिच्या झाकलेल्या ताटात कुणी डोकावलं नाही. तिथं बघायचं असतं असं कुणाच्या मनातच आलं नाही. आणि गंमत अशी की त्याच दिवसांत बाळाचा खोकला थांबला. पोर रात्रभर झोपायला लागलं, गालावर लाली आली. आत्या सांगत सुटली होती, "औंदा तुज्या अण्णानं काकडशिंगी आणलीया बग, अशी मी जल्मात पायली न्हाई. काय वजन! काय घट! पाच येडे दिले तरी झिजत न्हाई, मंग मी धा देते." काकडशिंगी हे खोकल्याचं औषध, झाडावर येणारी शिंगासारखी वाकडी गाठ. आत्याने दोन आठवड्यांपूर्वी मला ती अण्णांकडून मागून आणायला सांगितलं होतं आणि मी विसरले होते. ती एवढं कौतुक करतेय म्हणजे अण्णांनी आपण होऊन दिली असणार, असं समजून मी गप्प बसले. विसरल्याबद्दल बोलणी खायची हौस कुणाला असते?

मग आत्याच्या हाताच्या अंगठ्याला नखुरडं झालं. सुजून टम्म झाला. त्या सकाळी तिने तिचा आयुष्यभराचा नियम मोडला आणि मला हाक मारली. "गिरजे, हात धू आन्‌ हिकडं ये. आज तुजा हात लागू दे. मी सांगते तसं उगाळ." मला केवढा अभिमान वाटला! आक्का कोपऱ्यात बाळाला घेऊन पडली होती. मी सहाणेपुढे मांडी घातली. हळकुंडाचा एक वेढा, मुरडशेंगेचे दोन. "आता काकडशिंगी घे," आत्या म्हणाली.

मी फडक्यात हात घातला आणि हाताला जड, गार असं काहीतरी लागलं. औषधाची गाठ इतकी गार नसते. मी ते शेगडीच्या उजेडात धरलं. हळदीने पिवळं झालेलं. पण दोन्ही बाजूंनी टोकाकडे जाणाऱ्या त्या बारीक चरा मी ओळखल्या, दादाच्या चित्रात मी त्या हजारदा पाहिल्या होत्या. मी ते उलटं केलं. खळगा नव्हता. बुडाशी एक सपाट, गुळगुळीत, चकाकणारी जागा होती, आणि आत माशीच्या डोळ्याएवढी बारीक बारीक भोकं. आधी आठवलं दादाचं तोंड. आणि लगेच, त्याहून वाईट, बाळाचं तोंड. मांस खाणाऱ्या जनावराचं हाड रोज आमच्या घरात, विभूती लावलेल्या हाताने उगाळून, महिन्याच्या बाळाच्या जिभेवर ठेवलं जात होतं.

"काय झालं गं? मुकी झालीस व्हय?" आत्या म्हणाली.

मी उठले ती तशीच, दुधाने बरबटलेली नखी मुठीत धरून, आणि दारातच दादा उभा होता. पाणी प्यायला आला होता. मी मूठ उघडली. त्याने पाहिलं. त्याने सहाणेकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यातून रक्त असं उतरताना मी त्यानंतर एकदाच पाहिलंय, अण्णा गेले तेव्हा. मला वाटलं आता हा ओरडणार, सहाण उचलून आपटणार. मी डोळे मिटून घेतले.

"कोन हाय तितं? मल्लू?" आत्याने मान वळवली.

"मीच आहे, आत्या," दादा म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा. "ती काकडशिंगी जुनी झालीय. किडलीय आतून. मी दुसरी आणून देतो."

"किडली? अरं, लई गुनाची हुती रं! टाकू नगंस, तिनंच पोराला तारलं."

"नाही टाकत," दादा म्हणाला, आणि ती माझ्या हातातून घेऊन परसात गेला.

मी मागून गेले. तो धुण्याच्या दगडावर बसून नखी धूत होता, पुन्हा पुन्हा, जणू धुण्याने ती भरून येणार होती. मी रडत रडत म्हटलं, "आत्याला सांगूया का?" तो म्हणाला, "तिला कळलं तर ती अन्नाला शिवणार नाही, गिरजे. मरेल ती. हा दगड आहे हे तिला कोण पटवणार?" मग त्याने कागद काढला. "खळगा किती खोल होता? दाखव." मी करंगळी पुढे केली. त्याने पेन्सिलीने बुडाचं चित्र काढलं, खळग्यासकट, हुबेहूब. पुन्हा एकदा निरखलं आणि फाडलं. "समोर नाही ते काढायचं नसतं," म्हणाला. मला तेव्हा तो फार मोठा माणूस वाटला. चौथ्या दिवशी पेटी घेऊन तो नगरच्या गाडीत बसला, आणि मी मनातल्या मनात त्याला हद्दपार झालेला पाहिला.

पण दादाचं पत्र आलं ते वेगळंच. सर रागावले नाहीत, काम पसंत पडलं, मदतनीसाची जागा मलाच देऊ केली आहे. अण्णांनी गिऱ्हाइकांना गूळ-खोबरं वाटलं. आणि महिन्याभरात दादा बिछाना-ट्रंक घेऊन परत आला. जागा नको म्हणाला. कॉलेजही नको. का, ते सांगेना. अण्णांनी त्याला दुकानासमोर, चार लोकांत, नाही नाही ते ऐकवलं आणि त्याने मान वर केली नाही. पुढे तो काष्टी गावच्या शाळेत मास्तर झाला आणि तिथंच म्हातारा झाला. भूगोल शिकवायचा. त्याच्या घरात शोभेचा म्हणूनसुद्धा कधी दगड दिसला नाही. मी समजत आले की पत्र खोटं होतं, सरांनी त्याला हाकललं आणि लाजेपायी त्याने गोष्ट रचली. आत्या गेली तीही शेवटपर्यंत त्या काकडशिंगीची आठवण काढत.

माझे केस पांढरे झाल्यावर एकदा भाच्याबरोबर जबलपूरला जायचा योग आला. भाचा म्हणजे तेच बाळ. चांगला धिप्पाड, सरकारी इंजिनिअर. त्याच्या ओळखीने कॉलेजचा जुना संग्रह बघायला मिळाला. एका खणात, पिवळ्या पडलेल्या कापसावर, तीन मणके आणि ती नखी. मी लगेच ओळखली. शेजारी चिठ्ठी, इंग्रजीत, थरथरत्या अक्षरात. भाच्याने वाचून अर्थ सांगितला. मोठ्या मांसाहारी जातीचं पिल्लू. नखीचं बूड नदीच्या पाण्याने झिजलेलं, त्यावरून मढं लांबून वाहत आलं असावं.

नदी? कसली नदी? त्या बुडाला लागलं होतं आक्काचं दूध आणि आत्याचा हात! आणि पिल्लू! एक सबंध जात, जिची तेवढीच चार हाडं वर आली होती, ती आमच्या सहाणेवर झिजून दुसऱ्याच जातीच्या पिल्लांत जमा झाली होती, आणि ते शाईने लिहून ठेवलं होतं. भाच्याला मी सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

परतताना मी काष्टीला उतरले. दादा ओट्यावर बसून शेंगा सोलत होता. मी आडपडदा न ठेवता विचारलं, "तू सरांना सांगितलंच नाहीस?"

त्याने शेंग खाली ठेवली. मला वाटलं आत्याचं नाव पुढे करील, आणि मी ते मान्यही केलं असतं.

"आत्या जबलपूरला ऐकायला येणार होती होय?" तोच म्हणाला. "सांगणारच होतो. सबंध रस्ताभर वाक्य जुळवत गेलो. सरांनी नखी उलटी केली, भिंग लावलं आणि मला विचारलं, पाण्याने झिजलीय, नाही का? किती प्रेमाने विचारलं! माझ्या डोळ्यांपुढे ती मदतनीसाची जागा आली. मी हो म्हणालो. त्यांनी माझ्यासमोर दौत उघडली आणि चिठ्ठी लिहिली. त्यांचा हात कापत होता, एकेक अक्षराला वेळ लागत होता. मग शाई वाळावी म्हणून ती खिडकीत ठेवली आणि मला जागा देऊ केली. मी तिथंच उभा होतो, गिरजे. शाई वाळेपर्यंत उभा होतो. बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता."